नीलव्वा, विहिरीवर काही घडलं नव्हतं

नीलव्वा,

तुझ्यावर लेख लिहायचं काम चर्चच्या पंचांनी माझ्याकडे दिलं ते आपल्या मैत्रीखातर नव्हे. सांगितल्या दिवशी मजकूर देणारी मंडळीत मी एकटीच आहे, म्हणून दिलं. मंडळीचं मासिक शनिवारी छापखान्यात जातं. पाळकसाहेबांनी मला फाटकाशीच गाठलं आणि म्हणाले, "करुणाबाई, दोन पानं पुरेत. जन्म, शिक्षण, बाप्तिस्मा, शाळेतली सेवा आणि विहिरीवरचं दर्शन. दर्शनाचं जरा सविस्तर येऊ द्या. लोक तेच वाचतात."

मी पाचही मुद्दे कागदावर उतरवून घेतले आणि घरी येऊन बसले. पहिल्या चारांना काही अडचण नव्हती. पाचव्याशी पेन टेकवलं आणि तुझा असा संताप आला, की उठून आधी वसतिगृहाच्या कोठीतले डबे सगळे खाली काढले, पुसले आणि परत लावले. तरी तो गेला नाही. म्हणून आता तुझ्याशीच बोलते, आणि हेच छापायला देते. पाळकसाहेबांना दोन पानांचं काय करायचं ते करू देत.

तू गेलीस याचा हा संताप नाही. त्याचं दुःख वेगळं आहे आणि ते आपल्या वेळेला येतं. बहुधा शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात तुझ्या चपला फटफटत येत नाहीत तेव्हा. संताप याचा, की ही विहीर तुला तुझ्या हयातीत बुजवता आली असती. तू ती उघडी टाकून गेलीस आणि मला काठावर उभं केलंस.

मंडळीत नवे आलेले लोक तुला ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी थोडं लिहायला हवं, तेवढा वेळ तू गप्प बस. नीलव्वा आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. त्याच शाळेच्या वसतिगृहाची मी अधीक्षक. तिचं माहेर मंद्रूपचं, लिंगायत. शेती आणि धान्याचं दुकान. घरात कानडी, बाजारात मराठी. शाळेत नोकरीला लागली तेव्हा ती ख्रिस्ती नव्हती. पुढे काही वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला. आणि त्याचं कारण म्हणून मंडळीत जे सांगतात ते असं: सुट्टीत माहेरी गेलेली असताना ती पहाटे विहिरीवर पाणी शेंदत होती, तेव्हा पांढऱ्या वस्त्रांतला एक पुरुष काठावर उभा राहिला आणि त्यानं तिला नावानं हाक मारली.

झालं. आता तुला बोलते.

असं काहीही झालं नव्हतं. तुला माहीत होतं, मला माहीत होतं. खरं जे झालं ते शाळेच्या सभागृहात, माझ्यासमोर झालं, आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण आधी ही विहीर कुठून आली ते सांगते, कारण तिचा एकेक दगड बसताना मी पाहिला आहे.

हा घोळ साक्षीच्या सभेत सुरू झाला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात सतरंज्या पडतात आणि एकेकानं उठून आपण विश्वासात कसे आलो ते सांगायचं. कुणाचा ताप प्रार्थनेनं उतरलेला असतो, कुणाला स्वप्न पडलेलं असतं. तुझा बाप्तिस्मा झाल्यावर तुला उभं केलं. सगळे सरसावून बसले, कारण दुसऱ्या धर्मातून आलेल्या माणसाची साक्ष म्हणजे पर्वणीच. तू उठलीस, पदर खांद्यावर घेतलास आणि म्हणालीस, "मी वाचत होते. वाचताना मला प्रश्न विचारला गेला. मी हो म्हटलं." आणि बसलीस.

पंचांत सगळ्यात वडील मनोहरकाका. दर आठवड्याला मंद्रूपच्या बाजारात पेटी घेऊन जाणारे, भजनं म्हणून शुभवर्तमान सांगणारे. ते अवघडले. "बाई, जरा खुलवून सांगा की."

"काका, ही काय शेंगाचटणी हाय, वरनं तेल सोडायला?"

सगळं अंगण हसलं. तेल काकांनी स्वतःच सोडलं. पुढच्या बाजारात तुझी ओळख करून देताना ते म्हणाले, या बाईंना प्रभूचा आवाज ऐकू आला. मग आवाजाला जागा लागली. मंद्रूपच्या लोकांपुढे मंद्रूपचीच जागा बरी, म्हणून तुमच्या शेतातली विहीर आली. मग पहाट झाली. मग पांढरी वस्त्रं. दुष्काळात सगळा तालुका टँकरच्या रांगेत उभा होता, त्या वर्षी तर काकांनी ती विहीर काठोकाठ भरली. आणि तू पेटीशेजारी छत्री धरून उभी होतीस. म्हणालीस काय, तर "काका, आमच्या विहिरीला पाणीच न्हाय."

लोक हसले. सगळ्यांत जास्त काका हसले. "बघा हिची नम्रता," म्हणाले.

परतीच्या एसटीत मी तुला म्हटलं, उद्याच्या उद्या पंचांपुढे जा आणि हे खोटं आहे म्हणून स्वच्छ सांग. तू खिडकीतून बघत म्हणालीस, "काका खोटं बोलत न्हाईत, अक्का. त्यांना तसं पायजे हाय."

"आणि तू काय करणार?"

"मी दर वेळी सांगते की. पाणी न्हाय म्हणून."

हा तुझा उपाय! गणितात एकक लिहायचं राहिलं म्हणून मुलींचे अर्धे अर्धे गुण कापणारी तू. 'पाच' लिहिलं तर 'पाच काय? आंबे का हत्ती?' म्हणून वर्गात उभं करणारी. आणि स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग कुणीही कसाही मांडावा, तू एक वाक्य बोलून छत्री मिटणार. तेही वाक्य असं, की लोक हसणार.

मला एवढा राग का यायचा, हे तू ओळखून होतीस. साक्षीच्या सभेत माझी पाळी आली की मी चहा बघायला उठायचे. दर वेळी. स्वयंपाकघरात दुसऱ्या चार बायका असल्या तरी उठायचे. मला सांगायला काही नव्हतं. आजोबांनी विश्वास धरला, वडिलांनी चालवला, मी सतरंज्या आणि कपबशा मोजून परत आणते. रेशनकार्डावर नाव असतं तसं माझं नाव मंडळीत आहे. मी ते घातलेलं नाही आणि कुणी काढायला सांगितलेलं नाही. तू मात्र पिच्छा सोडत नव्हतीस.

"करुणाक्का, तुझी साक्ष कवा?"

"चहा थंड होतोय."

एकदा कोठीच्या पायरीवर आपण दोघी वसतिगृहाच्या चटणीसाठी शेंगदाणे निवडत होतो. तेव्हा हा वाद नीट झाला. नीट म्हणजे, मी नंतर आठवडाभर तुझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

मी म्हणत होते, की माणसानं डोळे उघडे ठेवले की देव कळतो. ज्वारीचं कणीस बघ, आभाळ बघ. हे करणारा कुणीतरी आहे, एवढं कुणालाही कळेल. त्यात आकाशवाणी कशाला हवी?

"तेवढं कळतं," तू म्हणालीस. "माझ्या अप्पालाबी कळायचं. रोज पहाटे पूजेला बसायचा. त्याच्यासारखी भक्ती मी अजून आपल्या मंडळीत बघितली न्हाय, राग मानू नको."

"मग तुला त्याच्यापेक्षा निराळं काय कळलं?"

तू सूप बाजूला ठेवलंस. "मी शाळेत पहिल्या दिवशी आले तवा तू फाटकात हुतीस. कमरेला किल्ल्या, हातात कागद, कपाळाला आठी. बघूनच कळलं की ही बाई शिस्तीची हाय, लई बोलते, पण कुणाला उपाशी ठिवणार न्हाय. हे सगळं नुसतं बघून. पण तुझं नाव करुणा हाय, हे बघून कळलं का? मी कितीबी गणित मांडलं असतं तरी आलं नसतं. तू तोंड उघडून सांगितलंस तवा कळलं."

"नाव हजेरीपटावर होतं."

"आन् हजेरीपटावर कुणी सांगितल्याबिगर आलं का?"

मी दाणे जरा जोरात पाखडले. तू पुढे बोलत राहिलीस, वर्गात बोलायचीस तशी, घाई न करता. माणूस देवाबद्दल अंदाज बांधतो, चांगले बांधतो. पण देव कोण आहे हे देवानंच सांगावं लागतं. आणि त्यानं सांगितलंय. येशू म्हणजे त्याचं ते सांगणं. आपला सगळा विश्वास त्या सांगण्यावर आहे. आपल्या हुशारीवर नाही आणि आपल्या पुण्याईवरही नाही.

"कुणाला सांगितलंय?"

"सगळ्यांना."

"मग मला का ऐकू येत नाही?" हे मी ओरडून विचारलं. तुला आठवत असेल. भाकऱ्या थापणाऱ्या बायकांनी आतून डोकावून पाहिलं.

तू म्हणालीस, "तू ऐकतेस कुटं, अक्का? तू हजेरी घेतेस."

असं कुणाला बोलतात? मी सूप उचललं आणि आत गेले. तू उरलेले दाणे खडे न काढता तसेच पोत्यात भरलेस. तेही माझ्या लक्षात आहे.

या रागातही एक सांगायला हवं. माझी आई गेली त्या वर्षी तू रोज संध्याकाळी येऊन माझ्या खोलीत वह्या तपासत बसायचीस. सांत्वनाचं एक अक्षर बोलली नाहीस. लाल शाईची दौत मात्र माझ्या टेबलावर सांडलीस. तो डाग मी घासून काढला होता. आता वाटतं, राहू द्यायला हवा होता.

दवाखान्यात शेवटी शेवटी मी तुझ्याकडून सगळं विचारून घेतलं. कुणाला कळवायचं, चष्मा कुणाला द्यायचा, गीतं कोणती. तू कंटाळून उत्तरं देत होतीस. मग मी म्हटलं, "आणि विहीर? काका कबरीच्या दगडावर विहिरीची ओळ कोरायची म्हणताहेत. पंचांना ती पसंत पडेल."

तुला श्वास पुरत नव्हता, तरी हसलीस. "अक्का, देव आमच्या विहिरीवर दिसला असता तर साऱ्या जगाला मंद्रूपला जावं लागलं असतं की. भावाचे बांध तुडवत. शिवप्पानं काठीच घेतली असती." मग खोकला आला. तो थांबल्यावर म्हणालीस, "मला एकटीलाच दिसलं असतं तर ते माझं झालं असतं. हे माझं न्हाय. सगळ्यांना सांगितलंय तेच मलाबी सांगितलं."

"मग हेच पंचांना सांगू या. मी कागद आणते, तू बोल, मी लिहिते, खाली सही कर."

"साकु," म्हणालीस. पुरे म्हणायची वेळ आली की तुला कानडीच यायची. "तू बघ की."

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. लोकांना जाणाऱ्या माणसाकडून आशीर्वाद मिळतो. मला काम मिळालं.

आता पुढचं तुला माहीत नाही ते सांगते.

तुझ्या दफनाला शिवप्पा आला होता. तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा ज्यानं दार लावून घेतलं होतं, तोच भाऊ. गळ्यातलं लिंग तू त्याच्या ओंजळीत ठेवलंस, कोऱ्या फडक्यात बांधून, हे तू मला एकदाच सांगितलं होतंस आणि तेव्हा रडली होतीस. मग किती वर्षं तुमचं बोलणं नव्हतं. तुझे अप्पा गेल्यावर तो एक दिवस ज्वारीचं पोतं घेऊन शाळेच्या फाटकात उभा राहिला. म्हणाला, "तू म्हणतीस ते मला पटत न्हाय. पण तू खोटं बोलत न्हाईस, हे मला म्हाईत हाय." तेवढ्या एका गोष्टीवर तुमचं नातं पुन्हा उभं राहिलं. मग दर वर्षी संक्रांतीला, शहरातल्या गड्ड्याच्या जत्रेला, तो यायचा, तुला बांगड्या भरवायचा, आणि दुसऱ्या देवाची जत्रा म्हणून काका तोंड फिरवायचे.

तर कबरीपाशी मनोहरकाकांनी प्रार्थना केली आणि तीत विहीर आलीच. पहाट, पांढरी वस्त्रं, सगळं. शिवप्पा मागे लिंबाखाली टोपी हातात धरून उभा होता. लोक पांगल्यावर माझ्याकडे आला.

"अक्का, ते म्हातारं काय म्हणत हुतं? आमच्या विहिरीवर काय झालं? बाजारात त्याच्या पेटीपुढं मी कधी थांबलो न्हाय."

मी म्हटलं, लोक तसं सांगतात.

"ती अप्पानं खणलेली. खडक लागला, पाणी न्हाय लागलं. नुसता खड्डा हाय. तितं ही पाणी शेंदत हुती?" तो रागावला नव्हता. गोंधळला होता. "मला तिनं सांगितलं हुतं, वाचताना प्रश्न आला म्हणून. मंग ते खोटं का हे खोटं? माझ्या शेतात देव आला, आन् माझी बहीण मलाच बोलली न्हाय?"

बघ, नीलव्वा. त्या माणसानं तुझा देव घेतला नाही, पण तुझा शब्द घेतला होता. आणि आता तो शब्द आपणच, तुला नीट पुरायच्या आधी, त्याच्या हातातून काढून घेत होतो. मी त्याला म्हटलं, "अण्णा, चार दिवस द्या. लेखी कळवते." तो एसटीकडे निघाला. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. सात रस्ता चौकाजवळ, दुकानांच्या मागच्या बोळात त्यांची खोली. शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान. काका पेटीचा भाता उघडून बसले होते. मी बसलेसुद्धा नाही. "काका, मी लेखात विहीर लिहिणार नाही. आणि दगडावरही ती ओळ यायची नाही."

"तू होतीस का तिथं?"

"नव्हते. तीही नव्हती. त्या विहिरीला पाणी नाही, हे ती तुम्हाला भर बाजारात सांगत होती."

मला वाटलं, ते भांडतील. भांडणाची मी तयारी करून गेले होते. शिवप्पाचं सांगायचं, खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा सांगायची, पाळकसाहेबांकडे जाईन म्हणायचं. काकांनी भात्यावरचा हात काढला नाही.

"करुणा, मी उभा जन्म पेटी वाजवली. मला कधी काही दिसलं नाही गं. एकदाही नाही. तुझी काकू गेली तेव्हा म्हटलं, आता तरी. काही नाही. मग ही पोर आली. म्हटलं, हिला दिसलेलं असणार, लाजते सांगायला. कुणाला तरी दिसलेलं असायला हवं ना? नाहीतर मी कशाच्या जोरावर गातो?"

नीलव्वा, तुला हे ठाऊक होतं. 'त्यांना तसं पायजे हाय' म्हणाली होतीस, एसटीत. मला वाटलं होतं, काकांना टाळ्या हव्या आहेत. ते तुझ्या विहिरीला टेकून उभे होते, आणि म्हणून तू दर वेळी खरं सांगत होतीस, पण ढकलत नव्हतीस. मला एका शब्दानं सांगायचं होतंस! मी तुझा जो राग राग केला त्यातला निम्मा तरी वाचला असता.

मी सतरंजीवर बसले आणि काकांना खरं काय झालं ते सांगितलं. शिवप्पाअण्णा, हा अंक तुम्हाला पोस्टानं येईल. पुढचं तुम्हीही वाचा. तुमच्या बहिणीनं तुम्हाला सांगितलं होतं तेच खरं आहे, आणि मी त्याची साक्षीदार आहे.

शाळेत सकाळी प्रार्थनेला एक शिक्षिका शास्त्रातला भाग वाचते. ज्या शिक्षिका ख्रिस्ती नाहीत त्यांना आम्ही पाळी लावत नाही. त्या दिवशी जिची पाळी होती ती लग्नाला टेंभुर्णीला गेलेली, आणि तिची एसटी चुकली. घंटा झाली, मुली उभ्या राहिल्या, वाचायला कुणी नाही. समोर नीलव्वा दिसली. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाचा. खूण घातली आहे. वाचायचंच तर आहे."

नीलव्वा, तू वाचायला लागलीस, पाढे म्हणावेत तशी. येशू शिष्यांना विचारतो, लोक मला कोण समजतात? ते सांगतात, कुणी हा संदेष्टा म्हणतात, कुणी तो. मग तो विचारतो, आणि तुम्ही? तुम्ही मला कोण म्हणता?

तिथं तू थांबलीस.

मुली खोकायला लागल्या. कुणाची तरी कंपासपेटी पडली. मला वाटलं, दोन पानं एकदम उलटली. मी मागून हळूच म्हटलं, "पुढची ओळ, पुढची." तू माझ्याकडे पाहिलंस, पण मी तुला दिसले नाही. मग तू पुढे वाचलंस: शिष्यांतला पेत्र म्हणतो की तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र, आणि येशू त्याला सांगतो की हे तुला कुणा माणसानं कळवलेलं नाही, माझ्या स्वर्गातल्या पित्यानं कळवलं आहे. पुस्तक मिटलंस. मुली रांगेनं वर्गात गेल्या. जिन्यात तू मला विचारलंस, "हे रोज विचारतात का?"

आणि मी तुला सांगितलं, "नाही, भाग पाळीपाळीनं येतात. हा वर्षातून एकदा."

एवढंच झालं होतं. पुढे तू म्हणायचीस, "प्रश्न त्याचा. उत्तरबी त्यानंच तोंडात घातलं. मी नुसती उभी हुते."

शेजारी पंपाचा आवाज चालू होता.

"म्हणजे दिसलं काहीच नाही."

"नाही."

"नुसतं वाचलं."

"हो."

"करुणा, तो भाग तर मी बाजारात कितीदा वाचलाय."

"हो काका. तोच."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घालायचा विसरून हातातच धरला. "म्हणजे मला पण विचारलं होतं," ते म्हणाले. "दर वेळी. आणि मी आपला पुढची ओळ वाचत होतो."

मग ते म्हणाले, "लिही तसं. दगडाचं मी सांगतो पंचांना. नुसतं नाव पुरे. आणि तिच्या भावाला म्हणावं, मी येऊन भेटेन. पेटी न घेता."

मी उठले. वसतिगृहात तांदूळ यायचा होता, मोजून घ्यायला माणूस नव्हता. दारात पोचले तोच त्यांनी विचारलं, "आणि तू, पोरी?"

"मी काय?"

"तू त्याला कोण म्हणतेस?"

नीलव्वा, खरं सांगते, मी इकडेतिकडे पाहिलं. चहा ठेवायला चूल नव्हती. पातेलं नव्हतं. हातात पिशवी होती, तीही रिकामी. मला काही दिसलं नाही आणि काही ऐकू आलं नाही. काकांचा बिनचष्म्याचा चेहरा तेवढा माझ्याकडे वळलेला होता, आणि प्रश्न त्यांचा नव्हता, हे मला कळत होतं. इतक्या वर्षांत कितीदा तो माझ्यासमोर वाचला गेला असेल. मी त्या वेळी मुलींच्या रांगा सरळ आहेत का ते बघत असायचे.

मी उत्तर दिलं. हळू.

काकांनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही."

तुला हसू येत असेल तर येऊ दे. बोळातून माणसं जात होती. मी दाराची चौकट धरली आणि जेवणाच्या घंटेला मुलींना हाक मारते त्या आवाजात म्हटलं, "ख्रिस्त! जिवंत देवाचा पुत्र! माझा प्रभू!"

सायकलवाल्याचा पंप थांबला. तो दांडा वर धरून माझ्याकडे बघत राहिला.

"हां," काका म्हणाले. "आता ऐकू आलं."